तारापूरच्या वर्तुळात चौदा महिने: घरगुती रेडिएशन मीटरचा अनुभव

बोईसरला राहणाऱ्या माणसाने रेडिएशन मीटर विकत घेतला असे कळले की ऐकणारा आधी हसतो आणि थोड्या वेळाने हळूच विचारतो, "मग, किती दाखवतो?" त्या दुसऱ्या प्रश्नापायीच मी हा मीटर घेतला. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील एका रसायन कारखान्यात मी सुरक्षा अधिकारी आहे. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरी भागात भूकंपाचे छोटे-मोठे धक्के बसू लागले, तेव्हापासून प्रत्येक धक्क्यानंतर कोणी ना कोणी कामगार अणुऊर्जा केंद्राचा विषय काढतोच. त्यावर "सगळे ठीक आहे" एवढेच सांगणे मला अवघड वाटू लागले होते. अखेर गेल्या वर्षी ऑनलाइन बाजारातून सुमारे साडेसात हजार रुपयांना हातात मावणारा एक मीटर मागवला. तो चौदा महिने वापरल्यानंतर हे परीक्षण लिहीत आहे. नाव जाणूनबुजून दिलेले नाही, कारण या किमतीतील बहुतेक मीटर आतून सारखेच असतात आणि येथे लिहिलेले गुणदोष बहुधा सर्वांनाच लागू पडतील.

खोक्यात मीटर, चार्जिंगची केबल, मनगटाला अडकवायची दोरी आणि एक पातळ माहितीपुस्तिका असते. मीटरच्या आत बोटाएवढी काचेची गायगर-म्युलर नळी आहे. नळीतील वायूतून गॅमा किरण किंवा पुरेसा जोरकस बीटा कण गेला की विजेचा एक ठोका उमटतो, मीटर "टक्" असा आवाज करतो आणि ठोके मोजून ताशी मायक्रोसिव्हर्टचा, म्हणजे शरीराला मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या मात्रेचा आकडा दाखवतो. अल्फा कण काच भेदू शकत नाहीत, त्यामुळे ते या मीटरला दिसत नाहीत. विक्रेत्याच्या पानावर मात्र "सर्व प्रकारचे रेडिएशन" असे ठळक अक्षरांत छापलेले आहे, ते खरे नाही.

ठोक्यांचे मायक्रोसिव्हर्टमध्ये रूपांतर करण्यासाठी सिझियम-१३७ या किरणोत्सारी पदार्थाच्या किरणांचा आधार घेतलेला असतो. किरणांची ऊर्जा त्याहून बरीच कमी असेल, तर असा मीटर प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवतो. ही गोष्ट पुस्तिकेत असायला हवी होती, पण तिची बरीच पाने स्क्रीनचा रंग कसा बदलावा हे सांगण्यात खर्ची पडली आहेत.

पहिले दोन महिने मी फक्त रोजचे आकडे टिपत गेलो, आणि मीटरचा सर्वांत चांगला उपयोग याच काळात झाला. आमच्या घरात तो ताशी ०.०८ ते ०.१४ मायक्रोसिव्हर्टच्या दरम्यान फिरतो. सुरुवातीला या चढउतारानेच मन अस्वस्थ होई. मात्र हिशेब साधा आहे. इतक्या छोट्या नळीत मिनिटाला पंचवीसच्या आसपास ठोके पडतात आणि एवढ्या कमी संख्येत वीस टक्के इकडेतिकडे होणे स्वाभाविक असते. मीटर दहा मिनिटे एकाच जागी ठेवून सरासरी घेतली तर आकडा बराच स्थिरावतो. ज्यांना पाच सेकंदांत उत्तर हवे असते, त्यांनी हे यंत्र घेऊ नये.

दख्खनच्या काळ्या कातळात युरेनियम आणि थोरियम कमी असल्यामुळे आपल्याकडचा नैसर्गिक किरणोत्सर्ग तसा कमीच आहे. मुलीकडे बेंगळुरूला गेलो तेव्हा तिथल्या ग्रॅनाइटच्या प्रदेशात मीटर घरच्या जवळजवळ दुप्पट आकडा दाखवत होता, आणि मुंबईहून जाताना विमानाने उंची गाठल्यावर तो सव्वा मायक्रोसिव्हर्टच्या आसपास पोहोचला होता. अणुऊर्जा केंद्राच्या शेजारी राहणारा मी, आयुष्यात पाहिलेला सर्वांत मोठा नैसर्गिक आकडा मात्र विमानातील खिडकीपाशी पाहिला, याची मला गंमत वाटली.

पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरीने एक धडा दिला. त्या संध्याकाळी गच्चीवरचा आकडा ०.११ वरून ०.१७ पर्यंत चढला. वारा समुद्रावरून, म्हणजे केंद्राच्याच बाजूने येत होता. मनात काय आले असेल हे वेगळे सांगायला नको. परंतु दोन तासांत आकडा पूर्ववत झाला. हवेतील रेडॉन वायूपासून तयार होणारे शिसे आणि बिस्मथ यांचे किरणोत्सारी अणू पावसाबरोबर खाली येतात, आणि त्यांचे अर्धायुष्य वीस ते सत्तावीस मिनिटांचेच असल्यामुळे ते लवकर नाहीसे होतात. असे जगात सगळीकडे घडते. रोजची नोंद हाताशी नसती तर त्या संध्याकाळी मी निदान दहा जणांना फोन केले असते.

दुसरा प्रसंग डहाणू लोकलमधला. विरार सोडल्यावर पिशवीतील मीटर अचानक कर्कश वाजू लागला आणि पडद्यावर ताशी चार मायक्रोसिव्हर्टचा आकडा दिसला. डब्यातील माणसे माझ्याकडे संशयाने पाहू लागली. शेजारी बसलेल्या वयस्कर गृहस्थांनी मग शांतपणे सांगितले की ते मुंबईतील रुग्णालयातून हाडांचा स्कॅन करून घरी परतत आहेत आणि सकाळी त्यांना किरणोत्सारी औषधाचे इंजेक्शन दिले होते. असे रुग्ण इतरांना धोकादायक नसतात आणि ते औषध एक-दोन दिवसांत जवळपास संपते. मला त्यांच्याबद्दल नव्हे, माझ्या यंत्राबद्दल संकोच वाटला. मीटर बनतो तिथूनच त्यात धोक्याची मर्यादा ०.५ मायक्रोसिव्हर्टवर लावलेली असते. ती ताबडतोब बदलावी, आणि प्रवासात आवाज बंद ठेवावा.

आता मुख्य प्रश्नाकडे येतो. असा मीटर खऱ्या अणुदुर्घटनेत आपल्याला काय सांगेल?

त्याआधी आपल्याकडची व्यवस्था काय आहे ते पाहिले पाहिजे. तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९ पासूनच्या आणि उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या आहेत, म्हणजे २०११ मध्ये दुर्घटना झालेल्या जपानमधील फुकुशिमाच्या कुळातल्याच, पण त्याहून लहान. तिसरी आणि चौथी ५४० मेगावॉटच्या, जड पाण्याच्या भट्ट्या २००५-०६ मध्ये सुरू झाल्या. त्यांच्यासाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली, हे येथील लोक विसरलेले नाहीत. भारतात केंद्रापासून सोळा किलोमीटरपर्यंतचा प्रदेश आणीबाणी नियोजन क्षेत्र मानला जातो. बोईसर त्यात येते आणि चिंचणीही. या वर्तुळाचे साडेबावीस अंशांचे एक असे सोळा भाग पाडलेले असतात, कारण किरणोत्सारी हवेचा लोट सगळीकडे सारखा पसरत नाही, तो वाऱ्याबरोबर एकाच बाजूला जातो. केंद्राच्या कुंपणाच्या आतली परिस्थिती केंद्र सांभाळते. परिणाम बाहेर पोहोचण्याची शक्यता निर्माण झाली की सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे येतात, आणि त्यासाठीचा बाहेरच्या क्षेत्राचा सराव दोन वर्षांतून एकदा घ्यावा लागतो.

जनतेला मिळणाऱ्या सूचना मुळात तीनच असतात: घरात राहा, आयोडीनची गोळी घ्या, किंवा अमुक मार्गाने बाहेर पडा. दूध, भाजी आणि पाणी यांवरचे निर्बंध त्यामागून येतात. आमच्या वसाहतीतील कामगाराला ही पहिली सूचनाच पचनी पडत नाही, हे मी अनेकदा पाहिले आहे. वायुगळती झाली की वाऱ्याला आडवे जा आणि लांब पळा, हे आम्हीच त्याच्या डोक्यात पक्के बसवलेले आहे. अमोनिया नाकाला कळतो, डोळ्यांना झोंबतो. येथे मात्र नाकाला काहीच कळत नाही, आणि लोट डोक्यावरून जात असताना मोटरसायकलवरून निघालेल्या माणसापेक्षा पक्क्या घरात दारे-खिडक्या आणि पंखे बंद करून बसलेल्या माणसाला मात्रा कमी मिळते. फुकुशिमाच्या वेळी घाईघाईने हलवलेल्या रुग्णालयांतील आणि वृद्धाश्रमांतील सुमारे पन्नास माणसे प्रवासाच्या हालांमुळे आणि उपचारांत पडलेल्या खंडामुळे दगावली. किरणोत्सर्गाने त्यांपैकी कोणीही गेले नव्हते.

या सूचनांशी मीटरचा संबंध जोडायचा असेल, तर आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने ठरवलेले तीन आकडे माहीत हवेत. ते एकाही विक्रेत्याच्या पुस्तिकेत मला सापडले नाहीत. जमिनीपासून एक मीटर उंचीवर, म्हणजे साधारण कमरेपाशी, ताशी १००० मायक्रोसिव्हर्ट मोजले गेले तर त्या जागेवरून लोकांना तातडीने हलवणे आवश्यक मानले जाते. पहिल्या काही दिवसांत ताशी १०० मायक्रोसिव्हर्टच्या वर आकडा असेल, तर लोकांना काही काळासाठी दुसरीकडे नेण्याची तयारी करावी लागते. आणि आकडा ताशी एक मायक्रोसिव्हर्टच्या वर गेला की स्थानिक पालेभाजी, उघड्यावर चरणाऱ्या जनावरांचे दूध आणि साठवलेले पावसाचे पाणी तपासणी होईपर्यंत वर्ज्य करायचे. हे आकडे प्रशासनाने निर्णय घेण्यासाठी आहेत. एखाद्याने आपल्या गच्चीवरचा आकडा पाहून परस्पर निघून जाण्यासाठी ते ठरवलेले नाहीत. तरीही एवढे माहीत असले की ०.५ वर किंचाळणाऱ्या मीटरकडे कोणत्या नजरेने पाहावे हे कळते.

येथेच या यंत्राची सर्वांत मोठी उणीव उघडी पडते. खोक्यावर त्याची कमाल मर्यादा ताशी १००० मायक्रोसिव्हर्ट छापलेली आहे, म्हणजे ज्या आकड्याला सर्वांत गंभीर निर्णय घ्यायचा असतो, नेमक्या त्याच आकड्याला मीटर आंधळा होतो. गायगर नळीला प्रत्येक ठोक्यानंतर सावरायला क्षणभर वेळ लागतो. किरणांचा भडिमार वाढला की तिला ठोके वेगवेगळे ओळखता येत नाहीत, आणि नीट न बनवलेले मीटर अशा वेळी कमी आकडा, प्रसंगी शून्यही दाखवू शकतात. चांगला मीटर "मर्यादा ओलांडली" असा इशारा देऊन थांबतो. माझा काय करतो, याबद्दल पुस्तिकेत एक ओळही नाही आणि घरी बसून ते तपासण्याचा कोणताही मार्ग नाही. ही शंका काल्पनिक नाही. एप्रिल १९८६ मध्ये चेर्नोबिलच्या अणुदुर्घटनेत हाताशी असलेल्या मापकांची मर्यादा ताशी ३.६ रोंटगेनची (रोंटगेन हे किरणोत्सर्गाचे जुने एकक) होती. त्यांनी तेवढाच आकडा दाखवला आणि पहिल्या काही तासांत तोच आकडा वरपर्यंत कळवला गेला, तर प्रत्यक्षात भट्टीच्या परिसरातील पातळी त्याच्या हजारो पटींनी जास्त होती. शेजारचे प्रिप्यात शहर रिकामे करायला छत्तीस तासांच्या आसपास वेळ लागला, त्यामागे या आकड्याचाही हात होता.

असे असूनही मी मीटर परत केला नाही, याचे कारण फुकुशिमाच्या वायव्येला आहे. मार्च २०११ मध्ये नामिए गावातील अनेक लोक केंद्रापासून दूर, डोंगरातल्या त्सुशिमा भागात गेले. अंतराच्या हिशेबाने त्यांचे बरोबर होते, पण लोट नेमका त्याच दिशेने गेला. लोटाची दिशा वर्तवणारी संगणक यंत्रणा जपानकडे होती, परंतु तिचे नकाशे त्या लोकांपर्यंत वेळेत पोहोचले नाहीत. इताते हे गाव तर लोकांना हलवण्यासाठी आखलेल्या वीस किलोमीटरच्या वर्तुळाच्या पूर्णपणे बाहेर होते. तिथल्या लोकांना हलवण्याचा निर्णय एप्रिल उजाडल्यावर झाला. त्याच काळात सेफकास्ट या स्वयंसेवकांच्या गटाने गाड्यांवर मीटर लावून रस्त्यारस्त्यावरची मोजणी सुरू केली आणि ती सर्वांसाठी खुली ठेवली. एकट्या मीटरला फारसे महत्त्व नसते. पण एकाच पद्धतीने, एकाच उंचीवर घेतलेल्या शेकडो नोंदी एकत्र आल्या की कंपासने आखलेल्या वर्तुळाला जे दिसत नाही ते दिसू लागते.

आपल्या किनाऱ्याला हे अधिकच लागू पडते. दुपारी खारे वारे समुद्राकडून बोईसरच्या दिशेने वाहतात आणि रात्री मतलई वारे उलट दिशेने समुद्राकडे जातात, म्हणजे तीच घटना दुपारी दोनला घडली आणि पहाटे तीनला घडली तर दोन्हींचे परिणाम सारखे नसतील. म्हणून माझा सल्ला असा की मीटर घेणार असाल तर त्याच्या आधी दोन रुपयांच्या रिबिनीचा तुकडा गच्चीवर बांधा. सरकारी मोजणी नाही असाही याचा अर्थ नाही. भाभा अणुसंशोधन केंद्राने देशभर बसवलेले मापकांचे जाळे चोवीस तास सुरू असते, आणि त्यातील यंत्रे माझ्या साडेसात हजारांच्या यंत्रापेक्षा कितीतरी विश्वासार्ह आहेत.

मीटरला जे मुळीच जमत नाही त्यात अन्नाची तपासणी पहिली येते. विक्रेत्याच्या पानावर मीटर टोमॅटोजवळ धरलेले छायाचित्र आहे, ते निव्वळ दिशाभूल करणारे आहे. जपानने २०१२ पासून सामान्य अन्नासाठी किलोमागे १०० बेकरेल (किरणोत्सारी पदार्थ मोजायचे एकक) सिझियमची मर्यादा ठेवली आहे. एवढे सूक्ष्म प्रमाण शोधायला शिशाच्या जाड कवचात ठेवलेला वर्णपटमापक, म्हणजे किरणांची ऊर्जा वेगवेगळी ओळखणारे यंत्र लागते. गायगर नळीला नैसर्गिक ठोक्यांच्या गोंगाटात ते ऐकूच येणार नाही. श्वासातून गळ्यातील थायरॉइड ग्रंथीत गेलेले किरणोत्सारी आयोडीन-१३१ हा मीटर भरवशाने मोजू शकत नाही, हेही येथेच सांगून ठेवतो.

त्याच विक्रेत्याने मीटरबरोबर पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्यांचा "कॉम्बो" देऊ केला होता. मी तो घेतला नाही आणि इतरांनीही घेऊ नये, असे माझे मत आहे. गोळी उपयोगी नाही म्हणून नव्हे. १९८६ मध्ये चेर्नोबिलनंतर पोलंडने एक कोटीहून अधिक मुलांना स्थिर, म्हणजे किरणोत्सारी नसलेले आयोडीन दिले होते आणि तो निर्णय आजही योग्य मानला जातो. परंतु गोळी फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून आणि फक्त थायरॉइडचे रक्षण करते. ती लोट येण्यापूर्वीच्या चोवीस तासांत किंवा आल्यानंतर दोन तासांच्या आत घेतली तरच पूर्ण उपयोगी पडते, आणि वयानुसार तिची मात्रा बदलते. प्रौढाला १३० मिलिग्रॅम, तर तीन ते बारा वर्षांच्या मुलाला त्याच्या निम्मी. चाळिशी ओलांडलेल्यांना तिचा फायदा कमी होतो. ती केव्हा घ्यायची हे प्रशासनाने सांगायचे असते. आमच्या शेजारच्या काकूंनी मीटर वाजल्याबरोबर गोळी घ्यायची का, असे विचारले होते. त्या मीटरला हाडांचा स्कॅन करून आलेला रुग्णही वाजवतो, हे मी त्यांना सांगितले.

ज्या कामासाठी मीटर घेतलाच नव्हता, त्या कामात तो अधूनमधून उपयोगी पडला. कारखान्यात पाइपांच्या वेल्डिंगची तपासणी किरणोत्सारी इरिडियम-१९२ च्या कॅमेऱ्याने होते. त्या वेळी दोरी बांधून आखलेल्या हद्दीच्या बाहेर उभे राहून मी माझा आकडा पाहतो. अधिकृत मोजणी रेडिओग्राफरच्या प्रमाणित मीटरनेच करायची असते आणि घरगुती यंत्राला तिथे कायद्याने काही स्थान नाही, पण आकडा हद्दीबाहेर वाढलेला दिसला तर काम थांबवून विचारण्याइतका आधार त्याने मिळतो. भंगाराच्या गोदामातही मी तो घेऊन जातो. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी बाजारात विद्यापीठाच्या जुन्या यंत्रातील किरणोत्सारी कोबाल्ट-६० भंगारात आला आणि एका कामगाराचा जीव गेला. त्या दुकानात कोणाच्या खिशात साधा वाजणारा मीटर असता तरी पुढचे बरेच काही टळले असते. भंगार व्यावसायिकांना मी हे यंत्र निःसंकोच सुचवेन.

बनावटीबद्दल थोडक्यात. प्लास्टिक मजबूत आहे आणि आवाज स्पष्ट येतो. उन्हात पडदा मात्र नीट वाचता येत नाही. मोबाइल ॲप नोंदी साठवते, परंतु दर वेळी ठावठिकाण्याची परवानगी मागते आणि तारखा उलट क्रमाने लावते, म्हणून मी वहीच पसंत केली. बॅटरी आत कायमची बसवलेली आहे आणि चौदा महिन्यांत ती पूर्वीच्या निम्मा वेळच टिकू लागली. ज्या प्रसंगासाठी यंत्र घ्यायचे त्यात वीज जाण्याची शक्यताच सर्वाधिक. फुकुशिमाची सुरुवातच विजेवाचून झाली आणि १९९३ मध्ये उत्तर प्रदेशातील नरोरा अणुऊर्जा केंद्रात आगीनंतर सतरा तास वीज नव्हती. अशा वेळी साध्या पेन्सिल सेलवर चालणारे यंत्र कितीतरी बरे. कॅलिब्रेशनच्या (आकड्यांची अचूकता तपासल्याच्या) प्रमाणपत्राबद्दल विक्रेत्याला तीन ईमेल पाठवले. पहिल्याला उत्तर म्हणून सवलतीचे कूपन आले आणि पुढच्या दोन्हींना काहीच आले नाही.

पाचपैकी तीन गुण देतो. त्यांतले दोन रोजच्या आकड्याची ओळख करून दिल्याबद्दल आणि एक भंगाराच्या गोदामासाठी. शाळेच्या प्रयोगशाळेने घ्यावा, भौतिकशास्त्र शिकवायला याहून स्वस्त साधन नाही. केवळ भीतीपोटी घेणाऱ्याने हेच पैसे बॅटरीवर चालणारा रेडिओ, विजेरी आणि आठवडाभराचे बंद डब्यातील पिण्याचे पाणी यांवर खर्च करावेत. मला पुन्हा घ्यायची वेळ आली तर ताशी दहा हजार मायक्रोसिव्हर्टपर्यंत मोजणारा, मर्यादा ओलांडल्यावर तसे स्पष्ट सांगणारा आणि सेल बदलता येणारा मीटर घेईन, मग त्यासाठी दुप्पट पैसे मोजावे लागले तरी चालतील. घेतल्या दिवसापासून तो पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालूनच वापरीन, म्हणजे त्यावर कधी किरणोत्सारी धूळ बसलीच तर पिशवी टाकून देता येईल. सध्याच्या मीटरला ही पिशवी मी पहिल्या पावसानंतर घातली, आणि पुस्तिकेत तिचाही उल्लेख नव्हता.